शुक्रवारची कीर्द

लेस्टर शहराच्या उत्तर अंगाला नगरपालिकेने जमिनीचा जो तुकडा मला वार्षिक खंडाने लावून दिला आहे, त्याचे क्षेत्र दप्तरात 'पाच रॉड' असे नोंदलेले आहे. पूर्ण तुकडा दहा रॉडांचा. मी नोकरदार माणूस, म्हणून अर्धाच मागून घेतला. रॉड म्हणजे एकराचा एकशेसाठावा हिस्सा आणि आपला गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा, तेव्हा दहा रॉड म्हणजे बरोबर अडीच गुंठे, एक चौरस फूटही अधिक नाही की उणा नाही, हा हिशेब ज्या दिवशी मी कागदावर मांडून पाहिला त्या दिवसापासून या परक्या मातीशी आपली काही जुनी सोयरीक असावी असे मला वाटू लागले. माझा सव्वा गुंठा चिकणमातीचा आहे आणि त्यात दरवर्षी मी लावतो त्याहून गोगलगायी अधिक पिकतात, हे येथे सांगून टाकलेले बरे. कारण पुढे बागकामाविषयी जे काही लिहिले आहे ते जाणकाराच्या अधिकाराने लिहिलेले आहे असा कोणाचा गैरसमज होऊ नये.

अशा तुकड्यांना इथे अलॉटमेंट म्हणतात. शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास फावडी खोपटाच्या भिंतीला टेकवून आणि थर्मासमधला चहा ओतून घेऊन तेथे जी मंडळी जमतात, त्यांच्या बोलण्याचा विषय मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत बहुधा एकच असतो: आदल्या रात्री बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर झालेला 'गार्डनर्स वर्ल्ड'. ५ जानेवारी १९६८ रोजी, शुक्रवारीच, ऑक्सफर्डच्या वनस्पती-उद्यानातून केन बरस यांच्या निवेदनाने सुरू झालेला हा कार्यक्रम अर्धशतकाहून अधिक काळ चालत आलेला आहे. आणि पूर्वीसारखे त्यात आता काही राहिले नाही, ही त्याच्याविषयीची फिर्यादही, जुन्या माणसांच्या तोंडून ऐकावे तर, जवळजवळ तेवढ्याच काळापासून चालत आलेली आहे.

या फिर्यादीत तथ्य किती आणि गतकाळाविषयीचा स्वाभाविक मोह किती, याची रुजुवात घ्यावी असे गेल्या वसंतात माझ्या मनात आले. त्याचे निमित्त झाला आमच्या तुकड्यांवरचा सर्वांत वयोवृद्ध खंडकरी, लेस्टरच्या होजिअरीच्या गिरणीत चाळीस वर्षे यंत्रावर उभा राहून निवृत्त झालेला एक मितभाषी गृहस्थ. कुत्र्यांचे लाड फार, संगीत फार, मधमाशीचे पंख संथ गतीने हलताना दाखवण्यात वेळ फार, अशा नेहमीच्या तक्रारी इतर लोक करीत असताना तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "पूर्वी माणूस बटाट्याची सरी काढायला लागला, की सरी संपेपर्यंत कॅमेरा हलत नसे. आता फावडे एकदा मातीत जाते आणि पुढच्या क्षणाला वाफा तयार. मधल्या वेळात माझी पाठ मोडते, ती कोणी दाखवीत नाही."

त्यावर एक तरुण परिचारिका, जिने मागच्याच वर्षी शेवटच्या ओळीतला गवताळ तुकडा घेतला आहे, हसून म्हणाली, "मला माझी पाठ मोडलेली पडद्यावर बघायची नाहीये. ती इस्पितळात रोज मोडते. शुक्रवारी रात्री मी पाय वर करून बसते, आणि तो तासभर कोणी मरत नाही, एवढ्यासाठी मी ते लावते."

ही दोन मते ऐकल्यावर वस्तुतः माझे काम संपायला हवे होते, कारण त्यानंतर जवळपास वर्षभर मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांची उत्तरे या दोहोंपैकी एकाच्या पदरात पडणारी निघाली. पण मतांना पुरावा लागतो; आणि असा पुरावा मला जेथे मिळेल असे स्वप्नातही वाटले नव्हते, तेथे तो लाल कापडी बांधणीत माझी वाट पाहत होता.

आमच्याच शहरात एक मराठी बाई राहतात. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो. १९७२ साली डॉक्टर नवऱ्याबरोबर त्या सांगलीहून येथे आल्या, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत सासऱ्यांच्या हळदीच्या अडतीवरच्या दोन कोऱ्या कीर्दवह्या होत्या; परदेशात हिशेब ठेवावा लागेल म्हणून सासऱ्यांनी दिलेल्या. हिशेब नवऱ्याने बँकेवर सोपवला आणि वह्या रिकाम्या राहिल्या. घरामागे जी चिंचोळी, निबर, हिवाळ्यात दगडासारखी होणारी जमीन होती तिचे काय करावे हे कळेना, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी दूरचित्रवाणीवर कोट-टाय घातलेला एक गृहस्थ जे काही सांगतो ते उतरून ठेवावे, असे त्यांनी ठरवले. वही कीर्दीची असल्यामुळे डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे, असे स्तंभ आखलेलेच होते. म्हणून कार्यक्रमातून जे शिकायला मिळाले ते जमेच्या बाजूला, आणि आपल्या बागेत जे बुडाले ते नावे, अशी वहिवाट आपोआप पडली आणि ती आजतागायत मोडलेली नाही. दोन वह्या संपल्यावर त्यांनी सांगलीहून आणखी मागवल्या.

"अरे, तेव्हा माझं इंग्रजी ते काय," काकू मला म्हणाल्या, "अर्धं ऐकून लिहायची आणि अर्धं हातांकडे बघून. तोंडानं तो काय बोलतो ते चुकलं तरी हात चुकत नसत त्याचे."

हे हात पर्सी थ्रोअर यांचे. बकिंगहॅमशायरमधील हॉरवुड हाउसच्या मुख्य माळ्याचा हा मुलगा, उमेदवारी विंडसरच्या राजवाड्याच्या बागांत केलेला, आणि १९४६ पासून १९७४ पर्यंत श्रूझबरी शहराच्या उद्यानांचा अधीक्षक. म्हणजे पडद्यावर येण्याआधी आणि आल्यानंतरही माळीकाम हाच ज्याचा चरितार्थ. १९५५ पासून 'गार्डनिंग क्लब' नावाचा कार्यक्रम त्यांनी स्टुडिओतच मांडलेल्या बागेतून चालवला, आणि नंतर 'गार्डनर्स वर्ल्ड'ची सूत्रे त्यांच्याकडे आली, तेव्हा श्रूझबरीजवळची 'द मॅग्नोलियाज' ही त्यांची स्वतःची बाग प्रेक्षकांच्या परिचयाची झाली. काम सुरू करण्यापूर्वी कोट काढायचा, काचगृहाच्या खुंटीला लावायचा, टाय मात्र तसाच ठेवायचा, हा त्यांचा परिपाठ ज्यांनी पाहिला आहे ती माणसे आजही तो हाताने करून दाखवतात. त्यांच्याही आधी नभोवाणीवर १९३१ पासून सी. एच. मिडलटन बोलत असत, आणि दूरचित्रवाणीचे नियमित प्रक्षेपण लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसहून नोव्हेंबर १९३६ मध्ये सुरू झाले त्याच महिन्यात ते पडद्यावरही आले. युद्धकाळात घराघरांतली हिरवळ खणून भाजीपाला लावा या सरकारी मोहिमेचा तो सर्वपरिचित आवाज होता. म्हणजे या देशात बागकामाचे प्रक्षेपण वयात आले तेच रेशनच्या दिवसांत; त्यात शिकवणीचा सूर होता आणि शिकणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न होता. थ्रोअर यांच्या वेळी रेशन संपलेले होते, सूर मात्र तोच राहिला.

काकूंच्या कीर्दीत १९७३ च्या जुलैतले एक पान गुलाबाला डोळा भरण्याविषयी आहे. खुंटाच्या सालीला टी या इंग्रजी अक्षराच्या आकाराची चीर कशी द्यावी, साल सुरीच्या मुठीने कशी उचलावी, डोळा आत कसा सरकवावा आणि वर-खाली बांधताना डोळ्याचे टोक उघडे कसे ठेवावे, हे सर्व दीड पानभर, क्रमवार, चार आकृत्यांसह उतरवलेले आहे, आणि खाली शेरा आहे: 'आमच्या वाडीतला माळी करी तेच. सुतळीऐवजी राफिया.' गुलाबाच्या रंगापुढे मात्र 'तो म्हणतो तांबडा' असे लिहिलेले पाहून मला हसू आले. 'गार्डनर्स वर्ल्ड' सुरू झाला त्याच १९६८ च्या जानेवारीत रंगीत दूरचित्रवाणीचा स्वतंत्र परवाना निघाला होता. साध्या परवान्याची पट्टी पाच पौंड, रंगीताची दहा. आणि काकूंच्या घरी १९७८ पर्यंत साधाच संच होता. रंगांचा देखावा मांडण्यासाठी जन्मलेला कार्यक्रम त्यांनी सहा वर्षे करड्या छटांत पाहिला आणि तरीही दर खेपेस दीड-दोन पाने लिहिली. नावेच्या बाजूला त्याच वर्षी: 'मेथी थंडीने गेली. स्वीट पी गोगलगायींनी खाल्ले. बटाट्यावर करपा.'

इथवर पुरावा होजिअरीवाल्या म्हाताऱ्याच्या बाजूने बोलतो, आणि एवढ्यावर न्याय देऊन टाकण्याचा मोह मलाही झाला होता. परंतु तीच पाने जरा पुढे वाचली म्हणजे त्या सुवर्णयुगाचा मुलामा उडू लागतो. दर दोन-तीन शुक्रवारांआड एखाद्या फवाऱ्याचे नाव येते, मावा दिसला की अमुक आणि तण दिसले की तमुक, आणि त्या नावांपैकी कित्येकांवर पुढे बंदी आली. थ्रोअर यांना १९७६ च्या सुमारास कार्यक्रमातून जावे लागले तेही याच अनुषंगाने: आयसीआय या रसायन कंपनीच्या उद्यानोपयोगी मालाच्या जाहिरातींचा करार त्यांनी केला, आणि जाहिरातींपासून फटकून राहणाऱ्या बीबीसीला ते चालण्याजोगे नव्हते. याच आयसीआयने १९६२ च्या सुमारास बाजारात आणलेले पॅराक्वाट हे तणनाशक आमच्याकडच्या शेतकऱ्याला ग्रामोक्झोन या नावाने ठाऊक आहे, आणि ते कशाकशासाठी प्यायले गेले हेही त्याला ठाऊक आहे. हात अचूक होते, सरी शेवटपर्यंत दाखवली जात होती, आणि सरीत काय ओतले जात होते याची चौकशी मात्र कोणी करीत नव्हते.

ती चौकशी जेफ हॅमिल्टन यांनी केली. १९७९ ते १९९६ हा त्यांचा काळ, आणि या काळाविषयी मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यात मतभेद असा जवळजवळ आढळला नाही. मधली तीन-चार वर्षे पीटर सीब्रुक आणि वूस्टरशायरमधल्या क्लॅक्स फार्मवरचे आर्थर बिलिट यांनी निभावली. पण कार्यक्रमाला पुन्हा एक घर मिळाले ते हॅमिल्टन यांच्याबरोबर, इंग्लंडातल्या सर्वांत चिमुकल्या परगण्यात, रटलंडमध्ये, बार्न्सडेल येथे. लेस्टरहून ते तासाभराच्या अंतरावर आहे आणि त्यांच्या चिरंजीवांच्या देखरेखीखाली लोकांना आजही पाहायला मिळते. मी गेलो तेव्हा पाऊस होता. एका मोठ्या राजेशाही उद्यानाची अपेक्षा करून गेलेला माणूस तेथे बुचकळ्यात पडतो; कारण बार्न्सडेल हे एक उद्यान नसून तीन डझनांहून अधिक लहान लहान बागांचा समुदाय आहे, आणि त्यांतली प्रत्येक बाग कोणा ना कोणा सामान्य माणसाच्या घरामागच्या जागेएवढी आहे. आपल्या प्रेक्षकाजवळ जागा किती आणि पैसे किती, या दोन गोष्टी हॅमिल्टन कधी विसरले नाहीत. जुन्या लाकडातून आणि टाकाऊ तावदानातून रोपांसाठी काचपेटी कशी ठोकावी, दुकानात महाग मिळणारी वस्तू घरी अल्प खर्चात कशी करावी, हे त्यांनी करून दाखवले. रासायनिक आणि सेंद्रिय रीतींचे वाफे शेजारी शेजारी लावून तुलना केली. आणि दलदलीतून उपसून आणलेले पीट वापरणे, सारा धंदा त्यावर उभा असताना, स्वतः सोडून दिले. काकूंच्या वहीत या वर्षांत जमेच्या बाजूला आकृत्यांबरोबर पौंड-पेन्समध्ये किमती दिसू लागतात. एका पानावर काचपेटीच्या आकृतीखाली लिहिले आहे: 'ह्यांनी केली. झाकण बसत नाही.'

४ ऑगस्ट १९९६ रोजी, धर्मादाय निधीसाठी वेल्समध्ये निघालेल्या सायकलफेरीत हृदयविकाराने हॅमिल्टन यांचा अंत झाला, तेव्हा ते एकोणसाठ वर्षांचे होते. काकूंच्या वहीतल्या त्या आठवड्याच्या पानावर जमा नाही, नावे नाही. मधल्या रेघेवर दोनच शब्द आहेत: 'जेफ गेला.'

पुढला काळ मी थोडक्यात सांगतो, कारण लोकांनीही तो मला थोडक्यातच सांगितला. अॅलन टिचमार्श हे यॉर्कशायरचे, इल्कलीच्या पालिकेत उमेदवारी करून पुढे क्यूच्या वनस्पती-उद्यानात शिकलेले, सर्वार्थाने तयार झालेले माळी; त्यांनी हॅम्पशायरमधल्या स्वतःच्या बागेतून २००२ पर्यंत कार्यक्रम नेला आणि त्यांच्याविषयी कोणाची फारशी कुरकूर नाही. कुरकूर आहे ती १९९७ ते २००५ या काळात चाललेल्या, आणि त्यातली पहिली काही वर्षे त्यांच्याच साक्षीने चाललेल्या, दुसऱ्या एका कार्यक्रमाविषयी. 'ग्राउंड फोर्स' त्याचे नाव. घरमालक गावाला गेला की दोन दिवसांत त्याच्या बागेचा कायापालट करायचा, फळ्यांचा ओटा ठोकायचा, कारंजे बसवायचे, आणि तो परतला की त्याच्या डोळ्यांतले पाणी टिपायचे, असा तो एकंदर मामला. कुनू या गावी नेल्सन मंडेलांचे अंगणही या मंडळींनी असेच सजवले होते. माझे शेजारी आजही त्या काळातल्या ओट्यावर पावसाळी दिवसांत पाय घसरून पडतात आणि टिचमार्श यांचे नाव घेतात. बागेला लागणाऱ्या गोष्टींतून काळ वजा करता येतो, ही कल्पना पडद्यावर शिरली ती या दरवाजाने. आणि एकदा शिरलेली कल्पना मूळ घरातही पोचायला वेळ लागत नाही.

ती पोचली. २००३ साली आलेले माँटी डॉन यांनी २००८ मध्ये प्रकृतीच्या कारणाने रजा घेतली आणि टोबी बकलंड हे चांगल्या शिक्षणाचे माळी बर्मिंगहॅममधल्या चित्रीकरणासाठीच उभारलेल्या एका जागेवर उभे राहिले, तेव्हा कार्यक्रमाची मांडणी हलकीफुलकी, तुकड्यातुकड्यांची झाली, आणि प्रेक्षकांचा रोष वृत्तपत्रांच्या स्तंभांपर्यंत पोचला. माझ्या मते त्यात निवेदकावर अन्याय झाला. कोणाच्याच घरची नसलेली बाग प्रेक्षकाला आपली वाटेना, याचा दोष उभ्या केलेल्या माणसाकडे जातो, जागा निवडणाऱ्याकडे जात नाही. काकूंच्या वहीत या दोन वर्षांत तारखा आहेत आणि पाने कोरी आहेत. "बघत होते की," त्या म्हणाल्या, "पण लिहायचं काय त्यात?" परवान्याची पट्टी भरणाऱ्या माणसाला येथे असे वाटते की हा कार्यक्रम आपल्या पैशांचा आहे आणि म्हणून त्याचा जाब विचारण्याचा आपला हक्क आहे, १९२२ साली नभोवाणीसाठी दहा शिलिंग भरणाऱ्याच्या काळापासून ही समजूत पक्की आहे. २०११ मध्ये डॉन परत आले. या वेळी हेरफर्डशायरमधल्या त्यांच्या स्वतःच्या बागेत, लाँगमेडोमध्ये.

लाँगमेडो हेच आजच्या वादाचे मूळ आहे. डॉन हे या कार्यक्रमाचे असे पहिले प्रमुख निवेदक की ज्यांना उद्यानविद्येचे रीतसर शिक्षण नाही. दागिन्यांचा व्यवसाय बुडाल्यानंतर मातीकडे वळलेला हा लेखक माणूस. त्यांच्या निळ्या कामगारी अंगरख्यावर, गळपट्ट्यावर आणि पायांत घोटाळणाऱ्या कुत्र्यांवर जितके प्रेम केले जाते तितकेच तोंडसुखही घेतले जाते. दोन एकरांच्या बागेत रत्नांच्या नावाचा एक ताटवा आणि गवताच्या नावाचा दुसरा असा संसार मांडणाऱ्याने अडीच गुंठेवाल्याला काय शिकवावे, हा होजिअरीवाल्याचा प्रश्न. उलट परिचारिका म्हणते की बियांचे पाकीट कसे फोडावे हे तिला दोन मिनिटांच्या चित्रफितीत हातातल्या फोनवर मिळते, सॉमरसेटचे चार्ल्स डाउडिंग न खणता वाफा करण्याची रीत तेथे हवी तेव्हा दाखवतात, मग शुक्रवारच्या तासाने तेच का करावे? यात नाकारण्याजोगे काही नाही. कृती शिकवण्याचे काम दुसऱ्याने अंगावर घेतले तेव्हा दूरचित्रवाणीजवळ विरंगुळा उरला. तरीही मला म्हाताऱ्याचे पारडे थोडे जड वाटते, आणि त्याचे कारण असे की फोनवरची चित्रफीत मी आधी प्रश्न विचारल्यावर उत्तर देते. जो प्रश्न पडलेलाच नव्हता त्याच्या उत्तराचे दीड पान काकूंना थ्रोअर आणि हॅमिल्टन देत गेले. स्कॉटलंडचा 'बीचग्रोव्ह', १९७८ पासून अॅबर्डीनच्या परिसरातून चालणारा आणि आता दक्षिणेतही दिसणारा, अजून तेच करतो. कोबीच्या चार जाती लावतो आणि कोणती फसली तेही सांगतो. दक्षिणेतल्या ज्या जुन्या मंडळींचे 'गार्डनर्स वर्ल्ड'शी बिनसले आहे ती थंड हवेचे ते वेळापत्रक आपल्या उबदार मातीला लागू नाही हे जाणूनही तो पाहतात. १९८७ साली हॅरी डॉडसन या वृद्ध मुख्य माळ्याला घेऊन व्हिक्टोरियन काळातल्या भिंतबंद भाजीबागेचे वर्ष महिन्यामहिन्याने उभे करणारी जी मालिका झाली, तिचे नाव तर मी विचारण्याआधीच तिघांनी घेतले.

माझ्या वडिलांची येथे आठवण होते. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाले, आणि पुढे आमच्या चाळीत संच आला तेव्हा 'आमची माती आमची माणसं' लागले की वडील तो संपेपर्यंत उठत नसत. गावची जमीन आजोबांच्या हयातीतच गेलेली. मालकीची माती म्हणजे गॅलरीतल्या चार कुंड्या, तुळस आणि सदाफुली. तरी उसाची बेणेप्रक्रिया आणि द्राक्षाची छाटणी ते परीक्षेला बसणार असल्यासारखे ऐकत, आणि एखाद्या दिवशी नुसतीच भाषणे झाली की चिडत: "हातात काही नाही, आणि बोलतोय बघा!" त्यांना छाटणी करायची नव्हती. कोणीतरी ती नीट करतो आहे एवढे पाहायचे होते. परिचारिकेचा विरंगुळा आणि म्हाताऱ्याची सरी ही मला वाटली होती तितकी एकमेकांपासून दूर नसावीत, अशी शंका मला त्यामुळे येत राहते.

आणि पुराव्याच्या बाबतीतही एक शंका आहे, ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. कीर्दीत जमेची बाजू चाळीस वर्षांत दीड पानावरून दीड ओळीवर आली, हे खरे. पण नावेची बाजूही तशीच आटत गेलेली आहे. १९७३ साली लिहिणारी बाई सत्तावीस वर्षांची होती आणि तिला काही येत नव्हते; आज ती एकोणऐंशीची आहे आणि तिला जवळजवळ सगळे येते. शिकवणारा कमी शिकवू लागला की शिकणाऱ्याला शिकण्यासारखे कमी उरले, हे वही सांगत नाही. मी काकूंना हे बोलून दाखवले. त्या म्हणाल्या, "मग २०२० चं पान काढ."

त्या वर्षी, साथीमुळे चित्रीकरणाची पथके हिंडू शकेनात, तेव्हा कार्यक्रमाने प्रेक्षकांनाच आपापल्या बागांच्या चित्रफिती काढून पाठवायला सांगितले. हललेल्या कॅमेऱ्यांतून, कुंपणाच्या आणि कपडे वाळत घातलेल्या दोरीच्या पार्श्वभूमीवर, गच्चीतल्या बादल्यांत आणि फुटक्या कुंड्यांत लोकांनी काय काय उगवले ते दिसू लागले. आणि मी ज्यांना ज्यांना विचारले, गोऱ्यांना काय नि आपल्यांना काय, त्यांनी अलीकडच्या दहा वर्षांतला उत्तम काळ म्हणून नाव घेतले ते याच महिन्यांचे. वेल्समधल्या मम्बल्सच्या सू केंट यांनी अशीच चित्रफीत पाठवली होती. थॅलिडोमाइड या औषधाच्या दुष्परिणामामुळे जन्मतः त्यांचे हात अतिशय आखूड आहेत. रोपे लावणे, माती सारखी करणे अशी कामे त्या पायांनी करतात. पुढे त्या निवेदकांच्या चमूत सामील झाल्या. काकूंच्या वहीत त्या दिवशी पुन्हा एक पूर्ण पान आहे, क्रमवार, दोन आकृत्यांसह: पायाच्या अंगठ्याने रोप कसे धरावे, टाचेने माती कशी दाबावी. गुडघ्यांच्या दुखण्याने वाकणे थांबलेल्या काकूंनी खुर्चीत बसून ते पुढच्याच आठवड्यात करून पाहिले होते. डॉन यांनी रोगाने ग्रासलेली आपली बॉक्स या झुडपाची कुंपणे पडद्यावर उपटून काढली, त्याचीही नोंद वहीत आहे. पण ती कोणत्या बाजूला लिहावी हे न कळून मधल्या रेघेवरच लिहिलेली.

एप्रिलच्या अखेरच्या शुक्रवारी मी मुद्दाम काकूंकडे गेलो. कार्यक्रम त्यांच्याबरोबर बसून पाहावा आणि लिहिणारा हात पाहावा, असा बेत होता. त्यांनी साबुदाण्याची खिचडी केली होती. वही मांडीवर, चष्मा नाकावर, पेनाचे टोपण काढलेले, तारीख घातलेली. संच लावला तर हिरवे टेबल आणि त्यावर रंगीत चेंडू. शेफील्डची स्नूकरची जागतिक स्पर्धा या दिवसांत बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर ठाण मांडून बसते आणि शुक्रवारचा तास पुढे तरी सरकतो नाही तर रद्द तरी होतो; या एका तक्रारीवर अलॉटमेंटवरचे दोन्ही पक्ष एकमत आहेत. आम्ही थोडा वेळ वाट पाहिली. काकूंनी आवाज बंद केला, कपाटातून १९७४ ची वही काढायला सांगितली, आणि मे महिन्याच्या पहिल्या पानावरून मेथी पेरायची तारीख वाचली. मग मला म्हणाल्या, "परसात उजेड आहे अजून. खुरपं घे, मी खुर्ची आणते."

बाहेर जाण्यापूर्वी त्यांनी नवी वही पुन्हा उघडली, जमेच्या बाजूला एक आडवी रेघ मारली, आणि नावेच्या बाजूला लिहिले: 'स्नूकर.'